आधी आईबापांनी गावे

गेल्या काही दशकांत जगातील अनेक मोठ्या शहरांतून एक निराळ्याच प्रकारचा संगीतवर्ग भरू लागला आहे. या वर्गात येणारे विद्यार्थी चार-सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतच्या वयाचे असतात. खोलीत बाके नसतात, फळा नसतो. जमिनीवर सतरंजी अंथरलेली असते आणि तिच्यावर आईबाप आपापली मुले मांडीवर घेऊन वर्तुळाकार बसलेले असतात. शिक्षिका एखादे सोपे गाणे सुरू करते, ताल धरते, खुळखुळा वाजवते. प्रथमच पाहणाऱ्याला हा प्रकार काहीसा गमतीचा वाटतो. ज्यांच्यासाठी वर्ग भरलेला, त्यांतले एक मूल रांगत दाराकडे निघालेले असते. दुसरे खुळखुळा तोंडात घालून बसलेले असते. तिसरे आईच्या कुशीत शांतपणे झोपी गेलेले असते. गात असतात ती मोठी माणसे. पाऊण तास असा जातो आणि मंडळी आनंदाने घरी परततात. वर्ग मुलांचा आणि गाणे आईबापांचे, तेव्हा या वर्गातील खरा विद्यार्थी कोण, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. लहान मुलाला संगीत शिकवावे असा विचार ज्यांनी ज्यांनी गंभीरपणे केला, त्यांपैकी अनेकांना आज ना उद्या मुलाला सोडून त्याच्या आईकडे वळावे लागले. जर्मनीतील एका शिक्षकाला हे उमगले, हंगेरीतील एका संगीतरचनाकाराला उमगले आणि जपानमधील एका व्हायोलिनवादकाला उमगले. या तिघांचे देश वेगळे, काळ वेगळे आणि हेतूही वेगळे होते. तरी त्यांच्या प्रयत्नांची हकीकत ओळीने लावून पाहिली, तर आजच्या या सतरंजीवरच्या वर्गाचा वंशवृक्ष स्पष्ट दिसू लागतो.

यातील पहिले नाव फ्रीडरिख फ्रोबेल यांचे. १७८२ साली थुरिंगिया प्रांतातील एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते अवघे नऊ महिन्यांचे असताना त्यांची आई वारली. वडील धर्मकार्यात गुंतलेले असत आणि घरात आलेल्या सावत्र आईचे प्रेम या मुलाच्या वाट्याला फारसे आले नाही. आईच्या मांडीवरचे जे सुख त्यांना स्वतःला लाभले नाही, त्याचाच शोध त्यांनी पुढे आयुष्यभर घेतला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. बालवाडीची कल्पना जगभर पसरली ती या नावाबरोबर.

परंतु आपल्या सर्व ग्रंथांत फ्रोबेल यांना विशेष मोलाचा वाटणारा ग्रंथ शाळेसाठी लिहिलेला नव्हता, तो आईसाठी लिहिलेला होता. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे नाव ‘मुटर उंड कोझेलीडर’, म्हणजे आईची आणि लाडाची गाणी. गीतांना चाली रॉबर्ट कोल यांनी दिल्या होत्या आणि चित्रे फ्रीडरिख उंगर यांनी काढली होती. पुस्तकाची मांडणी मोठी अर्थपूर्ण आहे. प्रत्येक खेळासाठी मुलाकरिता एक गीत, पाहण्यासाठी एक चित्र आणि त्याबरोबर आईला उद्देशून चार ओळींचा उपदेश. तान्हे मूल पाय झाडू लागले, की आईने आपले तळवे त्या पायांना लावावेत आणि त्या झाडण्यालाच गाण्याची साथ द्यावी. थोडे मोठे झाले, की मनगट वळवून मनोऱ्यावरचा वातकुक्कुट करावा, दोन हातांची खुराडी करून बोटांची कबुतरे उडवावीत. मराठी घरात आजी नातवाच्या तळहातावर बोट टेकवून मोराला दाणापाणी खायला बोलावते, त्याच जातीचे हे खेळ होत. फ्रोबेल यांनी ते कल्पनेने रचले नाहीत. खेड्यापाड्यांतील आया मुलांशी कशा खेळतात हे त्यांनी बारकाईने पाहिले होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की आई हे जे सहजबुद्धीने करते त्याचा अर्थ तिला समजला, तर ती तेच अधिक जाणतेपणाने करील.

दैवाने या विचाराची चमत्कारिक परीक्षा घेतली. १८५१ च्या ऑगस्टमध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेल यांचा पुतण्या कार्ल याच्या जहाल विचारांचा दोष चुलत्याच्या माथी मारला गेला. पुढच्याच वर्षी फ्रोबेल निवर्तले. बंदी उठली ती १८६० साली. त्यांच्या अनुयायांनी, विशेषतः स्त्रियांनी, ही चळवळ देशोदेशी नेली, ‘आईच्या गाण्यां’ची इंग्रजीत भाषांतरे झाली आणि बालवाडीच्या शिक्षिकांना ती नेमाने शिकवली जाऊ लागली. मात्र या प्रसारात एक गोष्ट निसटली. जे पुस्तक आईच्या मांडीवर उघडावयाचे, ते शिक्षिकेच्या मेजावर जाऊन बसले. गाणे टिकले, खेळ टिकला. पण ते गाणारी व्यक्ती बदलली. मूल गाणे शिकण्यासाठी घराबाहेर जाऊ लागले आणि आई दारापर्यंत त्याला पोहोचवून माघारी फिरू लागली.

विसाव्या शतकाच्या आरंभी हंगेरीत हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने पुढे आला. झोल्तान कोदाय आणि बेला बार्टोक हे दोघे तरुण संगीतकार १९०५ पासून खेडोपाडी हिंडून लोकगीते जमवू लागले होते. खेड्यातील अशिक्षित म्हातारीच्या कंठात जे खरे मग्यार संगीत आहे, त्याचा शहरातल्या सुशिक्षित घराला पत्ताच नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. शहरी मुले पाळण्यात असल्यापासून परकी किंवा उसनी गाणी ऐकत होती. कोदाय हे स्वतः मोठे रचनाकार. पण त्यांनी आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग मुलांच्या गाण्यासाठी दिला. प्रथम त्यांनी मुलांसाठी वृंदगीते रचली. मग शाळांकडे लक्ष वळवले. आणि १९४१ साली बालवाडीतील संगीताविषयी एक निबंध लिहून त्यांनी असे मत मांडले, की प्राथमिक शाळेची वाट पाहणे म्हणजेच उशीर करणे होय. चांगले संगीत आणि वाईट संगीत यांची निवड करणारा कान सहा-सात वर्षांच्या आतच घडतो. नंतर तो घडवू म्हटल्याने घडत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

मुलाचे संगीतशिक्षण केव्हा सुरू करावे असे विचारले असता, ते जन्मापूर्वी नऊ महिने सुरू करावे असे कोदाय यांनी सांगितल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी या उत्तरात दुरुस्ती केली: मुलाच्या नव्हे, तर त्याच्या आईच्या जन्मापूर्वी नऊ महिने. हे वाक्य नेहमी विनोद म्हणून सांगितले जाते. पण त्यातील हिशेब अगदी नेमका आहे. आईला गाता यावयाचे असेल, तर तिच्या आईने गायलेले असले पाहिजे. गाणे ही एका पिढीत उभारता येणारी मालमत्ता नव्हे. एका पिढीने ते सोडले, तर तिसऱ्या पिढीला ते कोठून मिळावे?

कोदाय यांच्या मार्गात राज्यसंस्थेचा वाटा मोठा होता. १९५० साली त्यांच्या केच्केमेत या जन्मगावी रोज गायन शिकवणारी पहिली प्राथमिक शाळा निघाली आणि १९६७ साली त्यांचे निधन होईपर्यंत देशभर अशा शंभरावर शाळा उभ्या राहिल्या. १९५१ साली हंगेरीच्या लोकसंगीताच्या महाकोशाचा पहिला खंड निघाला, तो मुलांच्या खेळगीतांचा होता. हजारांहून अधिक गीते त्यात समाविष्ट होती. बालवाडीच्या शिक्षिकेला गाता आलेच पाहिजे, असा दंडक तेथे पडला. कातालिन फोराई यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने तीन वर्षांच्या आतील मुलांसाठीही गाण्यांची आणि खेळांची आखणी केली. गरीब-श्रीमंत असा भेद न करता प्रत्येक मुलाच्या कानी चांगले गाणे पडावे, ही या व्यवस्थेची थोरवी होय. तिची मर्यादा मात्र फ्रोबेल यांच्या अनुयायांचीच होती. गाणे पुन्हा शाळेच्या स्वाधीन झाले. शतक संपता संपता हंगेरीत तान्ह्या मुलांसह आईबापांना बसवून गाण्याचे वर्ग निघाले आणि त्यांना ‘रिंगातो’, म्हणजे झुलवणारे, असे नाव मिळाले. कोदाय यांचा विनोद अशा रीतीने त्यांच्या देशात उशिरा, पण अक्षरशः अमलात आला.

आईला मुलाच्या आधी वर्गात बसवण्याचे धाडस प्रथम ठामपणे केले ते जपानमधील शिनिची सुझुकी यांनी. १८९८ साली नागोया येथे जन्मलेल्या सुझुकींच्या वडिलांचा व्हायोलिनचा मोठा कारखाना होता. व्हायोलिन हे घरातले लाकडी खेळणे समजून वाढलेल्या या मुलाला त्यातून काय निघू शकते हे कळले, ते मिशा एलमन यांची ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर. पुढे सुमारे आठ वर्षे बर्लिनमध्ये कार्ल क्लिंगलर यांच्याकडे अध्ययन करून सुझुकी मायदेशी परतले. एके दिवशी एक गृहस्थ आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले आणि याला व्हायोलिन शिकवा म्हणाले. इतक्या लहान मुलाला शिकवावे कसे, हे सुझुकींना ठाऊक नव्हते. तो मुलगा म्हणजे पुढे नामांकित झालेले व्हायोलिनवादक तोशिया एतो.

या पेचातून सुझुकींना एक साधी गोष्ट सुचली. जपानमधील प्रत्येक मूल अस्खलित जपानी बोलते. त्यात हुशार, मठ्ठ असा भेद नाही. भाषेसारखी अवघड विद्या जर प्रत्येक मुलाला येते, तर तिच्या शिकवण्याची रीत निर्दोष असली पाहिजे. ती रीत कोणती? आई दिवसभर बोलते, मूल ऐकते. कोणी त्याची परीक्षा घेत नाही, चुकले म्हणून त्याला नापास करीत नाही. एक शब्द आला की सारे घर आनंदते आणि तोच शब्द शंभर वेळा म्हटला जातो. वाचणे-लिहिणे फार मागाहून येते. संगीतही याच रीतीने का शिकवू नये? या विचाराला त्यांनी मातृभाषेची पद्धती असे नाव दिले.

महायुद्धाने हे सारे उधळून टाकले. कारखान्यात व्हायोलिनऐवजी समुद्रविमानांचे भाग बनू लागले आणि लागणारे लाकूड मिळवण्यासाठी सुझुकी डोंगराळ प्रदेशात जाऊन राहिले. युद्ध संपल्यावर त्यांना आपल्या एका बालशिष्याची काळजी लागली. कोजी तोयोदा हा मुलगा तीन वर्षांचा असताना त्यांच्याजवळ शिकत होता. युद्धात त्याचे आईवडील गेल्याचे कळले, पण तो कोठे आहे याचा पत्ता लागेना. सुझुकींनी जपानच्या नभोवाणीवरून हरवलेल्या माणसाचा शोध जाहीर केला. ती घोषणा कोजीच्या चुलत्याच्या कानी पडली आणि अकरा वर्षांचा कोजी सुझुकींच्या घरी आला. मधल्या तीन वर्षांत त्याची व्हायोलिनशी गाठ तुटली होती आणि वागण्यात राकटपणा आला होता. घरातील माणसे त्याला टोकू लागली, तेव्हा सुझुकींनी सांगितले, की त्याला रागावू नका, आपणच आपले वागणे अधिक सौम्य करू. हळूहळू मुलाचे वागणे बदलले. पुढे कोजी तोयोदा बर्लिनच्या नभोवाणी वाद्यवृंदाचे प्रमुख व्हायोलिनवादक झाले. सुझुकींच्या पद्धतीचे मर्म या घरगुती प्रसंगात जितके दिसते, तितके त्यांच्या कोणत्याही व्याख्यानात दिसणार नाही. मूल बदलावयाचे असेल, तर आधी त्याच्याभोवतीची माणसे बदलली पाहिजेत.

१९४६ साली मात्सुमोतो या डोंगरांनी वेढलेल्या गावी सुझुकींनी आपली शाळा सुरू केली. तेथील नियम नव्याने येणाऱ्या पालकांना चकित करणारा होता. आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन येई, तेव्हा व्हायोलिन मुलाच्या हाती दिले जात नसे. ते आईच्या हाती दिले जाई, आणि तेही मुलाच्या मापाचे. एक तरी धून नीट वाजवता येईपर्यंत आईने शिकावयाचे. मुलाने तेथे नुसते खेळावे, इतर मुलांचे वादन ऐकावे. घरी तीच धून तबकडीवर रोज वाजत असे आणि तिचा सराव करणारी आई रोज दिसत असे. काही दिवसांनी मूल आपण होऊन आईच्या हातचे वाद्य ओढू लागे. शिक्षण सुरू होण्याची वेळ ती हीच. ज्या गोष्टीसाठी मोठी माणसे मुलाची मनधरणी करतात, तीच गोष्ट मूल हट्टाने मागून घेई.

या पद्धतीचे फळ काही वर्षांतच जगापुढे आले. १९५५ साली टोकियोत सुमारे बाराशे मुलांनी एकत्र वादन केले. १९६१ च्या एप्रिल महिन्यात वृद्ध चेलोवादक पाब्लो कासाल्स टोकियोला आले असता सुमारे चारशे मुले त्यांच्यापुढे वाजवण्यास उभी राहिली. जगातले उत्तमोत्तम वाद्यवृंद ऐकून कान निवलेल्या त्या थोर कलावंताच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. १९६४ साली सुझुकी दहा मुलांना घेऊन अमेरिकेत गेले आणि तेथील संगीतशिक्षकांनी हे वादन प्रत्यक्ष ऐकले. तरीही मुलांना व्यावसायिक वादक बनवणे हा आपला हेतू नाही, चांगली माणसे घडवणे हा आहे, असे सुझुकी अखेरपर्यंत सांगत राहिले. १९९८ च्या जानेवारीत, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी ते मात्सुमोतो येथेच निवर्तले.

सुझुकींच्या वर्गात मूल तीन-चार वर्षांचे होऊन येत असे. त्याहून लहान मुलांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. जपानमध्येच १९५४ साली यामाहा या वाद्ये बनवणाऱ्या कंपनीने मुलांसाठी प्रायोगिक संगीतवर्ग सुरू केला आणि त्यातून निघालेल्या शाळांत लहान मुलांच्या शेजारी पालकांनी बसण्याची प्रथा रुजली. अमेरिकेत एडविन गॉर्डन या मानसशास्त्राच्या अभ्यासकाने मुलांच्या संगीतक्षमतेची मोजमापे घेण्यात आयुष्य घालवले. ही क्षमता जन्मतः ठरून गेलेली नसते. सुमारे नऊ वर्षांपर्यंत भोवतालच्या संगीताप्रमाणे ती वाढते वा घटते आणि मग स्थिरावते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मूल जसे आधी ऐकते, मग बोबडे बोलते, तसेच ते सुरांतही बोबडे बोलते आणि हे बोबडे सूर ओळखून त्यांना उत्तर देणारे माणूस जवळ असावे लागते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्याकडे शिकलेल्या लिली लेविनोविट्झ आणि संगीतकार केनेथ गिलमार्टिन यांनी १९८७ साली प्रिन्स्टन येथे ‘म्युझिक टुगेदर’ नावाचा उपक्रम उभारला. आरंभी वर्णिलेल्या वर्गाचे रूप येथे पुरते सिद्ध झाले. निरनिराळ्या वयांची मुले एकत्र, प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस, मुलावर कसलीही सक्ती नाही आणि घरी नेण्यासाठी गाण्यांचे पुस्तक व ध्वनिमुद्रण. आपला आवाज चांगला नाही म्हणून संकोचणाऱ्या पालकाला तेथे मुद्दाम सांगितले जाते, की मुलाला सुरेल आवाज नको आहे, त्याला गाणारे आईबाप हवे आहेत.

हे सांगणे केवळ भावनेचे आहे काय? विज्ञानाचा कौल तसा नाही. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर या दोघा संशोधकांनी असे दाखवले, की जन्मून तीन दिवसही न झालेले अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईच्या आवाजाला अधिक पसंती देते. आईच्या कंठाशी मुलाची ओळख जन्माआधीच झालेली असते. कोदाय यांच्या नऊ महिन्यांच्या हिशेबाला जणू प्रयोगशाळेने पुष्टी दिली. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांत एका वेगळ्या कल्पनेने लोकांच्या मनाचा ताबा घेतला. १९९३ साली कॅलिफोर्नियात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. मोझार्ट यांची रचना ऐकल्यावर दहा-पंधरा मिनिटांपुरती त्यांची आकृत्यांविषयीची उत्तरे थोडी सुधारली. प्रयोग तरुणांवर झालेला, परिणाम क्षणिक. पण बघता बघता त्याचा अर्थ असा लावला गेला, की तबकडी लावली म्हणजे तान्हे मूल बुद्धिमान होते. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात अर्भकाला अभिजात संगीताची तबकडी देण्यासाठी सरकारी अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलर मागितले. आईच्या गळ्याचे काम यंत्रावर सोपवण्याचा हा सर्वांत भोळा प्रयत्न म्हणावा लागेल.

याला चोख उत्तर मिळाले ते २०१२ साली, कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या एका अभ्यासातून. सहा महिन्यांच्या मुलांचे दोन गट केले होते आणि आईबाप दोन्ही गटांत मुलांबरोबर होते. एका गटात सुझुकींच्या विचाराला अनुसरून आईबाप व मुले मिळून गात होती, ताल धरीत होती, तीच तीच गाणी पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुसऱ्या गटात मुले खेळत होती आणि पाठीमागे तबकडीवरील संगीत चालू होते. सहा महिन्यांनी पाहता पहिल्या गटातील मुलांना सुरावटीची जाण अधिक आलेली दिसली. ती बोट दाखवून, हात हलवून अधिक संवाद साधू लागली. अनोळखी प्रसंगी ती कमी भेदरत आणि लवकर शांत होत. संगीत दोन्ही खोल्यांत होते. फरक होता तो ते कोणाच्या तोंडून येत होते आणि मुलाला त्यात वाटा होता की नव्हता, एवढाच.

एवढा प्रवास करून जग ज्या ठिकाणी पोहोचले, ते ठिकाण महाराष्ट्रातील जुन्या घराला अनोळखी नव्हते. पहाटे जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर डोके ठेवून मूल पेंगत असे आणि जात्याच्या घरघरीच्या लयीवर ओवी चाललेली असे. त्या ओवीत पंढरीचा विठोबा असे, वनवासी सीता असे, माहेरचा भाऊ असे आणि मांडीवरचे बाळही असे. वर्ग नव्हता, शुल्क नव्हते आणि आपण शिकवत आहोत हे त्या माउलीच्या गावीही नव्हते. पुढे विजेवर चालणारी पिठाची गिरणी आली. तिने बाईच्या खांद्यावरचे मोठे कष्ट उचलले, ही गोष्ट चांगलीच झाली. जात्याचे गोडवे गाणाऱ्याने कधी तरी पायलीभर दळून पाहावे. पण कष्टाबरोबर गाण्याची जागाही गेली. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या मोठ्या मायेने गोळा केल्या. नंतरच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेड्यातील स्त्रियांच्या साहाय्याने लाखाहून अधिक ओव्या नोंदवून ठेवल्या. हा संग्रह अमोल आहे. परंतु ज्या गीतांचा संग्रह करावा लागतो, ती गीते पुष्कळशा ओठांवरून उतरलेली असतात, हेही त्यातून कळून येते.

येथेच या इतिहासातील खरी अडचण समोर येते. ओवी गाणारी आई काम करता करता गात होती. सुझुकींच्या वर्गातील आईला मात्र काम बाजूला ठेवून यावे लागे आणि आजच्या वर्गाला येणाऱ्या पालकाजवळ सवड आणि पैसा, दोन्ही असावे लागतात. कोदाय यांची व्यवस्था सर्वांसाठी होती, पण तीत आईबापांना जागा नव्हती. नव्या वर्गांत आईबापांना जागा आहे, पण ते सर्वांसाठी नाहीत. शिवाय जवळजवळ दोनशे वर्षे ही सारी जबाबदारी एकट्या आईवरच टाकली गेली. बापाचा आवाजही मुलाला तितकाच ऐकावासा वाटतो, हे वर्गाला बाप येऊ लागल्यावर कोठे ध्यानात आले.

या कोंडीतून निघण्याची एक वाट महाराष्ट्राच्याच एका कोपऱ्यात शोधली गेली होती. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या आणि पुढे १९५७ साली अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे काम स्थिरावले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. तिलाच अंगणवाडी हे नाव पडले आणि १९७५ पासून ते सरकारी योजनेच्या द्वारे देशभर गेले. त्या अंगणात बडबडगीत सुरू झाले, म्हणजे उंबऱ्यात उभी असलेली आई आणि कडेवर भावंड घेतलेली बहीण यांच्याही कानी ते पडे. संध्याकाळी तेच गाणे त्या घरात पुन्हा उमटू शके. शाळेने घराला गाणे शिकवावे आणि घराने शाळेला आपली बोली द्यावी, अशी ही देवघेव होती. आजच्या अंगणवाडीत आहाराच्या व वजनाच्या नोंदींइतकेच महत्त्व या देवघेवीला मिळाले, तर ज्या पालकाजवळ सवड नाही आणि पैसाही नाही, त्याच्या मांडीपर्यंत गाणे पोहोचू शकेल.

फ्रोबेल यांना आई आठवतही नव्हती, कोदाय यांना आपल्या भाषेचे गाणे हरवण्याचे भय होते आणि सुझुकींसमोर युद्धाने पोरकी केलेली मुले होती. तिघांनाही काही तरी तुटलेले सांधावयाचे होते आणि तिघेही आपापल्या वाटेने एकाच उत्तरापाशी आले. मुलाला गाणे देता येते, पण ते त्याच्या माणसांच्या हातून. सतरंजीवरचा तो पाऊण तासाचा वर्ग चांगला की वाईट, हे वर्गात बसून ठरवता येणार नाही. त्याची परीक्षा घरी व्हावयाची असते. संध्याकाळी दिवेलागणीला भाजी चिरता चिरता आई सहज गुणगुणू लागली, कामावरून आलेल्या बापाने त्या गाण्याला ताल दिला आणि जमिनीवर बसलेल्या मुलाने हातातला डाव ताटलीवर आपटून त्यांना साथ केली, तर वर्गाचे काम झाले असे समजावे.